ग्वादलकिविरच्या काठाकाठाने

युरोपला जाऊन येणारा आपला माणूस बहुधा लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंड अशी त्रिस्थळी यात्रा उरकून परततो. सवड आणि पैसा ह्यांपैकी काही शिल्लक राहिलेच, तर रोम. स्पेनची आठवण कुणाला होत नाही असे नाही; पण ती बैलांच्या झुंजींपुरती, नाहीतर फुटबॉलपुरती. मग त्या स्पेनच्याही अगदी दक्षिणेला, जिथून आफ्रिकेचा किनारा अवघा १४ किलोमीटर राहतो अशा अंदालुसिया नावाच्या प्रांतात मुद्दाम जायचे ते कशासाठी? आम्ही निघालो तेव्हा हा प्रश्न आम्हांलाही अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर चार वाक्यांत देण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

माद्रिदहून आगगाडीने दक्षिणेकडे निघाले की तास-दीड तासात खिडकीबाहेरचा देखावा पालटतो. लालसर माती, उघडे डोंगर, आणि त्यांवर फणीने भांग पाडावा तशा सरळ ओळींनी लावलेली ऑलिव्हची झाडे. डोंगर संपतात, झाडे संपत नाहीत. एकट्या हाएन जिल्ह्यात ऑलिव्हची ६ कोटींहून अधिक झाडे आहेत. उन्हाने रापलेला तो मुलूख पाहून आमची सौ. म्हणाली, “अहो, हा तर आपला माणदेश!” माद्रिदला शिकत असलेला आमचा भाचा दुभाष्या म्हणून बरोबर होता. तो म्हणाला, “मामी, थोडं थांब. पुढे नदी लागेल, मग बोल.”

आणि नदी लागली. ग्वादलकिविर. नाव उच्चारायला अवघड, पण फोड केली की ओळखीचे वाटते. मूळ अरबी ‘वादी अल्-कबीर’, म्हणजे थोरली नदी. ७११ साली तारिक नावाचा सरदार समुद्र ओलांडून ह्या देशात उतरला. ज्या डोंगराशी तो उतरला तो ‘जबल तारिक’, म्हणजेच आजचे जिब्राल्टर. तेव्हापासून १४९२ सालापर्यंत, ७८१ वर्षे, ह्या देशात मुसलमानी राज्य होते. कधी जवळजवळ साऱ्या देशावर, तर शेवटी शेवटी एकट्या ग्रानादा संस्थानापुरते. राज्य गेले, पण नद्यांची आणि गावांची नावे तीच राहिली.

शब्दांचेही तेच. ऊस, भात, कापूस, संत्री ही सारी पिके अरबांनी इकडे रुजवली आणि त्यांना पाणी देणारे पाट नि रहाटही त्यांनीच बांधले. स्पॅनिश माणूस संत्र्याला ‘नारांखा’ म्हणतो. ते आपले नारिंगच, इराण आणि अरबस्तान ह्यांच्या वाटेने तिथे गेलेले. साखर म्हणजे ‘असूकार’, मूळची आपली शर्करा. बुद्धिबळाला ‘आखेद्रेस’ म्हणतात, त्याच्या पोटात संस्कृत ‘चतुरंग’ दडलेला आहे. जकात कचेरी म्हणजे ‘अदुआना’, आणि ते आपल्या ‘दिवाणा’चे भावंड. ‘देव करो आणि तसे घडो’ असे म्हणायचे झाले, तर कट्टर कॅथलिक आजीबाईदेखील ‘ओखाला’ म्हणून जातात; त्यात अल्लाचे नाव आहे, हे त्यांच्या गावीही नसते. ज्यांना घालवून दिले त्यांच्या शब्दांवाचून घालवणाऱ्यांचे पान हलत नाही. ह्या प्रांतात पुढे जे जे पाहिले, त्याची किल्ली मला ह्या एका गोष्टीत सापडली.

कोर्दोबा : खांबांचे अरण्य

आमचा पहिला मुक्काम कोर्दोबा. दहाव्या शतकात हे पश्चिम युरोपातले सर्वांत मोठे शहर होते. अरिस्टॉटलवर भाष्ये लिहिणारा इब्न रुश्द इथला, जन्म ११२६ चा. आणि यहुदी धर्मशास्त्राचा महापंडित मायमोनिडीस हाही बाराव्या शतकातला इथलाच. दोघांचेही पुतळे जुन्या गावात आहेत. मात्र हे सारे सुवर्णयुगाचे कौतुक ऐकताना एक विसरता कामा नये. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कडव्या राज्यकर्त्यांच्या अमदानीत मायमोनिडीसच्या घराण्याला गाव सोडावे लागले, आणि इब्न रुश्दच्याही वाट्याला म्हातारपणी हद्दपारी आली, त्याचे ग्रंथ जाळले गेले. असहिष्णुतेचा मक्ता कुठल्याच एका धर्माकडे नव्हता.

कोर्दोबाला येतात ते मशीद पाहायला. ‘मेस्किता’ म्हणतात तिला. संत्र्याच्या झाडांच्या चौकातून आत पाऊल टाकले की डोळे अंधाराला सरावायला क्षणभर लागतो, आणि मग खांब दिसू लागतात. समोर खांब, डावीकडे खांब, उजवीकडे खांब. ८५६ खांब! संगमरवराचे, जास्परचे, ग्रॅनाइटचे. बरेचसे पडक्या रोमन इमारतींतून आणलेले, म्हणून कुणाची उंची कमी तर कुणाची जास्त. त्यांवर एकावर एक दोन कमानी, लाल वीट आणि पांढरा दगड अशा पट्ट्यांच्या. पहिल्या अब्द अल्-रहमानने ७८५ च्या सुमारास काम सुरू केले आणि पुढे दोनशे वर्षे ते वाढत राहिले. त्या जागी आधी ख्रिस्ती देवालय होते, अशी परंपरागत हकिकत आहे. चालता चालता आपण कुठून आलो हेच कळेनासे होते, आणि गंमत म्हणजे कळावे असेही वाटत नाही.

आणि मग एकाएकी अरण्याच्या मधोमध लख्ख उजेड! वर पाहावे तो उंचच उंच घुमट, देवदूत, सोनेरी वेदी. मशिदीच्या ऐन पोटात एक अख्खे कॅथीड्रल उभे आहे. १२३६ साली कोर्दोबा ख्रिस्ती राजाने जिंकले, तेव्हा मशिदीचे चर्च झाले खरे, पण पुढे जवळजवळ तीनशे वर्षे मूळ वास्तू मोठ्या प्रमाणावर कुणी मोडली नाही. १५२३ साली बिशपने मधला भाग पाडून नवे चर्च बांधायचे ठरवले. त्या वेळी त्याला विरोध कुणी केला? गावातल्या ख्रिस्ती लोकांनी! नगरसभेने फर्मान काढले की, राजाचा निवाडा येईपर्यंत पाडकामाला जो हात लावील त्याला देहांताची शिक्षा होईल. आपल्या हयातीत, आपल्या बापजाद्यांच्या हयातीतही ज्या इमारतीत कधी बांग झाली नव्हती, तिच्यासाठी ही माणसे बिशपशी भांडली. कारण अशी वास्तू जगात दुसरी नाही, हे त्यांना ठाऊक होते. निवाडा बिशपच्या बाजूने लागला. पुढे सम्राट पाचवा चार्ल्स स्वतः आला आणि झालेले काम पाहून हळहळला, कुठेही बांधता आले असते असे काही बांधण्यासाठी तुम्ही एकमेवाद्वितीय ते मोडलेत, अशा अर्थाचे काहीसे बोलला, अशी आख्यायिका आहे. परवानगी मात्र त्याचीच होती!

पण ह्या हकिकतीला दुसरी बाजू आहे. पोटात चर्च होते म्हणूनच बाकीची मशीद वाचली, असे मानणारेही पुष्कळ आहेत. आजही ती नांदती आहे, रोज तिथे मास होतो. मुसलमानांना नमाजाची मुभा नाही. २००६ साली चर्चने ही वास्तू सरकारदफ्तरी आपल्या नावे नोंदवून घेतली. फी पडली ३० युरो, आणि त्यावरून जो वाद पेटला तो अजून धुमसतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका कोपऱ्यातल्या उपमंदिराला आग लागली, तेव्हा मात्र सारे गाव एकाच काळजीने वर पाहत होते. आग त्याच रात्री आटोक्यात आली.

कोर्दोबातली घरे बाहेरून पाहाल तर पांढऱ्या कोऱ्या भिंती. दार उघडे असेल तर आत डोकवा. आपल्या वाड्यासारखा चौक, मध्ये कारंजे किंवा विहीर, आणि भिंतींवर टांगलेल्या शेकडो कुंड्या. मे महिन्यात ह्या चौकांची स्पर्धा असते आणि घरमालक परक्यांनाही आत घेतात. लांब काठीला डबा बांधून वरच्या कुंड्यांना पाणी घालायची युक्ती पाहून आमची सौ. इतकी हरखली की, परत आल्यावर आमच्या गॅलरीत तिने तोच प्रयोग केला. खालच्या मजल्यावरच्यांचे मत वेगळे पडले.

सेविया : नारिंगांचे गाव

नदीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरले की सेविया, ज्याला इंग्रजीच्या मागे लागून आपण सेव्हिल म्हणतो. रस्त्याच्या दुतर्फा संत्र्याची झाडे, फळांनी लगडलेली. पण तोंडात टाकू नका, ती कडू जातीची. मुरंबा करतात त्यांचा.

इथला हिराल्दा मनोरा सुमारे १०४ मीटर उंच आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस तो मशिदीचा मिनार म्हणून बांधला. सोळाव्या शतकात त्यावर घंटाघर चढवले. वर जायला पायऱ्या नाहीत, ३५ उतरंडी आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावे म्हणून! गुडघे दुखणाऱ्या मंडळींनी ह्या सोयीबद्दल त्या जुन्या कारागिरांना दुवा द्यावा.

मनोऱ्याच्या पायथ्याशी अवाढव्य कॅथीड्रल. आत कोलंबसची शवपेटी चार राजदूतांच्या खांद्यावर तोललेली आहे. पण मला त्याहून अधिक भावली ती फर्नांदो तिसऱ्याची समाधी. १२४८ साली सेविया जिंकणारा हा राजा. त्याच्या समाधीवरचा लेख चार भाषांत आहे: लॅटिन, कास्तिलियन, अरबी आणि हिब्रू. जिंकलेल्यांच्या भाषेत आपली समाधी लिहून घेणारे ते जग होते. शेजारच्या अल्कासार राजवाड्यातही तोच प्रकार. १३६४ च्या सुमारास पेद्रो नावाच्या ख्रिस्ती राजाने तो बांधला, त्यासाठी कारागीर मागवले ग्रानादाच्या सुलतानाकडून, आणि भिंतींवर अरबी लिपीत स्वतःचा गौरव ‘सुलतान दोन पेद्रो’ म्हणून कोरवून घेतला! शत्रुत्व रणांगणावर, घर बांधायचे तर त्यांच्यासारखे.

समोरच इंडीजचे दफ्तरखाने आहे, १७८५ सालचे. अमेरिकेशी स्पेनने केलेल्या व्यापाराचे आणि तिथे चालवलेल्या राज्याचे सारे कागद तिथे आहेत. मिरची, बटाटा, टोमॅटो ही अमेरिकेतली मंडळी ज्या व्यापाराने युरोपात आली, त्याचे हे मुख्य बंदर. आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली हे खरे, पण आपल्या फोडणीच्या मिरचीचे आजोळ शोधत गेलात तर वाट ह्या नदीवरून जाते.

पानात काय पडते

आता मुख्य प्रश्न. शाकाहारी माणसाचे काय? सुक्या डुकराच्या तंगड्या दुकानोदुकानी छताला लटकत असतात, त्यांकडे पाहायचे नाही. टोमॅटोचे गार सार म्हणजे ‘गास्पाचो’. सेवियात पालक आणि काबुली चणे जिरे घालून शिजवतात; पहिल्याच घासाला घरची आठवण होते. वांग्याचे पातळ काप तळून त्यांवर उसाची काकवी सोडतात. वांग्याला ‘बेरेंखेना’ म्हणतात, आणि तोही शब्द हिंदुस्थानातून इराणी-अरबी वाटेने गेलेला. अंडे चालत असेल तर बटाट्याचे जाड ऑम्लेट कुठेही मिळते. मागताना ‘हामोन नको’ एवढे दोनदा सांगावे, कारण त्यांच्या मते हॅमचे चार तुकडे म्हणजे मांस नव्हे, चवीपुरते मीठ!

दुपारी दोनपासून पाचपर्यंत बरीचशी दुकाने बंद. पुण्याच्या माणसाला ह्यात नवल वाटू नये. तिथली वामकुक्षी आळसाची नव्हे, गरजेची. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. रात्रीचे जेवण नऊच्या आत मागितलेत तर स्वयंपाकीच आलेला नसतो. ह्या कारणाने जायचे तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरात जावे. हाती एखादा दिवस अधिक असेल तर रोंदा पाहावे. दोन कड्यांवर वसलेले गाव, मध्ये खोल दरी आणि तिच्यावर १७९३ साली पुरा झालेला, दरीच्या तळापासून ९८ मीटर उंचीचा दगडी पूल. समुद्रकिनारा हवा असेल तर मालागा आहे. पिकासोचा जन्म तिथला, १८८१ चा.

ग्रानादा : दिलेला शब्द

ग्रानादा म्हणजे डाळिंब. पाठीशी सिएरा नेवादाचे हिमाच्छादित डोंगर, आणि टेकडीवर लालसर तटांचा अल्हाम्ब्रा. ह्याचे तिकीट फार आधी काढून ठेवावे. नसरी महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि दारावर पासपोर्ट पाहतात.

अल्हाम्ब्राचे वर्णन करू नये, असे माझे मत झाले आहे. तिथला दगड-चुना पाहून मन हरखते, पण खरा चमत्कार पाण्याचा. दार्रो नदीचे पाणी सुमारे ६ किलोमीटर वरून पाटाने आणून ह्या टेकडीवर खेळवले आहे. पंप नाही, यंत्र नाही, केवळ उतार. सिंहांच्या चौकात बारा संगमरवरी सिंह एक कारंजे पाठीवर घेऊन उभे आहेत, भोवती १२४ नाजूक खांब. पाणी जमिनीतल्या अरुंद चरांतून चार बाजूंच्या दालनांत शिरते. आवाज एवढा मंद की, माणसे आपोआप हळू बोलू लागतात. दुष्काळी मुलखातून आलेल्या लोकांनाच पाण्याचा असा मान राखता येतो. भिंतींवर नसरी घराण्याचे ब्रीद शेकडो वेळा कोरलेले आहे: ‘ईश्वरावाचून कुणी विजेता नाही.’ पराभव डोळ्यांसमोर दिसत असलेल्या राजांनी हे कोरून घेतले, ह्याची आठवण ठेवून ते पाहावे.

२ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल ह्याने किल्ल्याच्या किल्ल्या राणी इसाबेला आणि राजा फर्नांदो ह्यांच्या स्वाधीन केल्या. त्याआधी तह झाला होता. मुसलमानांचा धर्म, त्यांच्या मशिदी, त्यांचा कायदा, त्यांची मालमत्ता ह्यांना हात लागणार नाही, असे राजाराणीने सहीशिक्क्यानिशी लिहून दिले होते. तो शब्द दहा वर्षेही टिकला नाही. १४९९ पासून सक्तीची धर्मांतरे सुरू झाली, अरबी ग्रंथांची होळी झाली. मग भाषेवर बंदी, पोशाखावर बंदी, हमामखान्यांवरही बंदी. डोंगरांत बंड झाले, ते १५७१ पर्यंत चिरडले गेले. अखेर १६०९ ते १६१४ ह्या वर्षांत, बाप्तिस्मा घेऊन पिढ्या लोटलेल्या सुमारे ३ लाख लोकांना देशाबाहेर काढले. यहुद्यांना तर १४९२ सालीच, ह्याच अल्हाम्ब्रात ३१ मार्चला निघालेल्या हुकुमाने घालवले होते. त्या यहुद्यांच्या वंशजांना स्पेनने २०१५ साली कायदा करून नागरिकत्व देऊ केले. अर्जांची मुदत २०१९ मध्ये संपली. मोरिस्कोंच्या, म्हणजे ह्या बाटवून घालवलेल्या मुसलमानांच्या वंशजांसाठी मात्र असा कायदा झालेला नाही.

ग्रानादात आजही २ जानेवारीला विजयोत्सव होतो, आणि आजही दर वर्षी त्यावर वाद होतो. हे पाठ्यपुस्तकातले प्रकरण नव्हे. तिथल्या माणसांच्या घरातले भांडण आहे ते. एका म्हाताऱ्या पुस्तकविक्याला भाच्यामार्फत मी विचारले, “आजोबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?” ते हसले. म्हणाले, “बाजू कसली? महाल पाहायला तिकीट काढून येता ते त्यांचा. तिकिटाचे पैसे घेतो ते आम्ही.”

गुहांतले शेजारी

अल्हाम्ब्रासमोर दार्रोच्या पलीकडच्या डोंगरात साक्रोमोन्ते नावाची वस्ती आहे. डोंगर कोरून केलेल्या, आतून चुना फासलेल्या गुहा. तिथे हितानो, म्हणजे जिप्सी लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले. फ्लामेंको ह्या नाचगाण्याचा जो संसार आज जगभर पसरला आहे, त्यात ह्यांचा वाटा फार मोठा. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

आम्ही एका गुहेत बसलो होतो. भिंतींवर तांब्याची भांडी, वीस-पंचवीस खुर्च्या. एक गाणारा, एक गिटारवाला, आणि एक मध्यम वयाच्या बाई. गाण्याला प्रस्तावना अशी नाहीच; घशातून आलाप निघाला तो थेट काळजातून ओढून काढल्यासारखा. मग टाळ्या, मग पायाचा ठेका. बारा मात्रांचे आवर्तन. मी नकळत मांडीवर एकताल धरू लागलो, पण समा भलत्याच ठिकाणी येऊ लागली आणि मी हात आवरला. साम्यावरून नाते जोडू नये, हे खरे. आपला कथक आणि त्यांचा फ्लामेंको सख्खे, असे बोलणारे पुष्कळ भेटतात. पण फ्लामेंको घडला तो ह्याच मातीत, अरबी, यहुदी, अंदालुसी आणि हितानो सुरांच्या सरमिसळीतून.

नाते आहे ते वेगळ्या जागी. हितानोंचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानाच्या वायव्य भागातून निघाले, हे भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. मजल दरमजल करीत ते १४२५ च्या सुमारास स्पेनमध्ये पोचले. त्यांच्याही कपाळी तेच आले. १४९९ पासून त्यांच्याविरुद्ध कायदे निघू लागले. १७४९ साली तर एका ठरल्या रात्री देशभर धरपकड करून हजारो हितानोंना कोंडले. पुरुष एकीकडे, बायकामुले दुसरीकडे. भाषा बोलायला मनाई झाली. ‘कालो’ नावाची ती बोली आज सबंध अशी उरलेली नाही; स्पॅनिशमध्ये मिसळलेले काही शब्द तेवढे राहिले आहेत.

खेळ संपल्यावर त्या बाई दाराशी वारा घेत बसल्या होत्या. आम्ही हिंदुस्थानातले म्हटल्यावर त्यांनी हाताला धरून सौ.ला शेजारी बसवले. भाचा म्हणाला, “मामी, ह्यांना विचारू का जुने शब्द?” त्यांनी आढेवेढे घेतले. आजीला येत असत, मला थोडेच, म्हणाल्या. मग समोरच्या ग्लासाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “पानी.” स्वतःच्या केसांना हात लावून, “बाल.” बोटे मोडीत, “त्रिन... पांचे.” आणि गिटार पिशवीत भरणाऱ्या आपल्या नवऱ्याकडे हनुवटीने खूण करून, “मानूस.”

सौ.ने माझ्याकडे पाहिले. भाषांतराची गरज नव्हती. भाचाही गप्प झाला होता. एवढ्या हुकुमांतून, होळ्यांतून, रात्रीच्या धरपकडींतून हजार वर्षांनी जे शब्द वाचले, त्यांत पाणी होते आणि माणूस होता. समोर टेकडीवर अल्हाम्ब्राचे दिवे लागले होते. सौ.ने तो ग्लास उचलला, बाईंपुढे धरला आणि चक्क मराठीत म्हणाली, “घ्या, आधी पाणी घ्या.” त्यांनी ते घेतले.